बिनपैशाचा बाजार

देवणीकर बाईंच्या शोकसभेचा मंडप माझा होता. खुर्च्या माझ्या, माईक माझा, फोटोला घातलेला हारसुद्धा माझ्याच माणसानं आणला. बोलायला मात्र मला कुणी बोलावलं नाही. एकेक जण उठला, बाई किती निःस्वार्थ होत्या ते सांगून खाली बसला. त्यातल्या निम्म्या लोकांना बाईंनी हयातीत पाच मिनिटं उभं केलं नसतं. मी मागं जनरेटरजवळ उभा राहून ऐकत होतो. शेवटी एक प्राध्यापक म्हणाले, बाईंनी कुणालाही रिकाम्या हातानं पाठवलं नाही. तेव्हा मी जनरेटरवाल्या पोराला म्हणालो, ‘‘माईक बंद कर.’’ त्याला वाटलं सभा संपली. सभेलाही तसंच वाटलं.

बाईंनी मला रिकाम्या हातानं पाठवलंय. त्या सभेत ते फक्त मला ठाऊक होतं, म्हणून लिहून ठेवतोय.

कुमुद देवणीकर म्हणजे लातुरात मुलींच्या शाळेत निवृत्तीपर्यंत चित्रकला शिकवलेल्या बाई. लग्न केलं नव्हतं. उंची बेताची, आवाज जाड, आणि समोरचा माणूस बाजूला होणारच असं धरून चालायच्या. नोकरी संपल्यावर त्यांनी दर थंडीत वस्तुसंग्रहालयाच्या आवारात दोन दिवसांचा चित्रकथांचा मेळा भरवायला सुरुवात केली. चित्रकथा म्हणजे चौकटीचौकटीतून सांगितलेली गोष्ट, पोरं ज्याला कॉमिक म्हणतात ती. आवारात जुने वीरगळ, नाकं तुटलेले देव आणि एक मोठं कडुलिंबाचं झाड. झाडापासून खांबापर्यंत कपडे वाळत घालायच्या दोऱ्या बांधायच्या आणि चिमट्यांनी पानं लावायची. शाळेची पोरं यायची, नांदेडहून कॉलेजची पोरं झेरॉक्स केलेल्या चोपड्या घेऊन यायची, जवळच्या मुरुडहून एक पोस्टमन यायचा, तो पोस्टमनच्याच गोष्टी काढायचा.

आत यायला तिकीट नव्हतं, आत काही विकतही मिळत नव्हतं. एखादं पान आवडलं तर स्वतःच्या हातानं काढलेलं पान त्या जागी लावायचं आणि ते घेऊन जायचं. चित्राच्या बदल्यात चित्र, एवढा एकच नियम. मी त्याला बिनपैशाचा बाजार म्हणायचो, हिणवून. बाईंना ते नाव आवडलं. त्या सगळ्यांना सांगायला लागल्या तेव्हा मी ते म्हणायचं बंद केलं.

मी रेणापूरचा. शाळा चौथीत सुटली. भाड्याच्या हातगाडीवर खुर्च्या घालून लोकांच्या बारशाला पोचवण्यापासून सुरुवात केली, आज जिल्ह्यात कुठंही मोठं लग्न असलं तर मंडप बहुतेक माझाच असतो. हे सगळं मी भाव करून मिळवलंय. कापडवाल्याशी, बांबूवाल्याशी, नवरीच्या बापाशी. भाव करणं म्हणजे भांडण नव्हे. समोरच्याला माणूस म्हणून ओळखायची ती एक पद्धत आहे. मी दीडपट सांगतो, तो निम्मं म्हणतो, मी उठतो, तो हात धरून बसवतो, चहा येतो. तासाभरात दोघांनाही कळतं की आपण कुणाशी बोलतोय.

पहिल्या वर्षी बाई माझ्या दुकानात आल्या तेव्हा मी सवयीनं दीडपट भाव सांगितला.

बाई म्हणाल्या, ‘‘बरं.’’ आणि उठल्या.

मला वाटलं ऐकू आलं नाही. मी म्हणालो, ‘‘बाई, कापड भारी लागंल, बांबू नवे हायेत, माणसं दोन दिवस अडकून पडत्यात, म्हणून तेवढं होतंय.’’

‘‘हो. बरं म्हणाले ना.’’

‘‘तसं थोडंफार इकडं-तिकडं करता येईल.’’

‘‘कशाला?’’

‘‘म्हंजी तुम्ही म्हणत असाल तर.’’

‘‘मी कुठं काय म्हणतेय? तुमच्या कामाची किंमत तुम्हाला माहीत. मला कशी असेल?’’

त्या दारापर्यंत गेल्या. मी गल्ल्यामागून उठून रस्त्यापर्यंत त्यांच्या मागं गेलो आणि उन्हात उभा राहून माझाच भाव मीच खाली आणला. आयुष्यात पहिल्यांदा. बाई पुन्हा ‘‘बरं’’ म्हणाल्या, त्याच आवाजात. रात्रभर मला अपमान झाल्यासारखं वाटत राहिलं आणि कुणी केला ते सांगता येईना.

त्या जिथं जागा मिळेल तिथं बसायच्या, वीरगळाच्या पायथ्याशी, जिन्यावर, माझ्या टेम्पोच्या फळीवर. पिशवीत भाजलेल्या शेंगा असायच्या आणि टरफलं परत पिशवीतच जायची, त्यामुळं त्यांनी शेंगा म्हणून हातात ठेवलेल्यात निम्मी टरफलं निघायची. पदराच्या काठाला ओळीनं लाकडी चिमटे लावलेले. मेळ्याच्या दोन दिवसांत त्या चालल्या की चिमटे एकमेकांवर आपटून बारीक आवाज यायचा, आणि टिंगल करणारी पोरं तो आवाज आला की गप्प व्हायची.

आणि एक सवय अशी होती की ऐकणारा चिडायचाच. कुणी काही सांगायला लागलं, दुःख असो की बढाई, की बाई विचारायच्या, ‘‘पुढच्या चौकटीत काय?’’

एकदा मुरुडच्या रस्त्यावर माझा टेम्पो उलटला, खुर्च्यांचा चुराडा झाला. दुसऱ्याच दिवशी मेळ्याचं काम होतं. मी बाईंना सांगत होतो, कुणाची चूक, कुणाला कशी शिवी दिली.

‘‘पुढच्या चौकटीत काय?’’

‘‘पुढच्या चौकटीत काय असायचं, ड्रायव्हरला हाकलला.’’

‘‘आणि त्याच्या पुढच्या?’’

‘‘घरी गेलो, जेवलो.’’

‘‘म्हणजे गोष्ट ड्रायव्हरची आहे. तुमची जेवणावर संपली.’’

संग्रहालयाचा वॉचमन गफूरभाई शेजारी बसला होता. तो हसला. मी त्याच्याकडं बघितलं तर म्हणाला, ‘‘मेरे कू क्या देखते शेठ, बाई सबकू ऐसाच बोलती. मेरा बेटा पुणे से फोन नहीं करता बोल के रोया मैं, तो बोली, आगे के डब्बे में क्या?’’

‘‘मग तू काय सांगितलं?’’

‘‘मैंनेच फोन किया.’’

ड्रायव्हरला मी आठ दिवसांनी परत कामावर घेतलं. चांगला ड्रायव्हर मिळत नाही म्हणून. बाईंचा त्यात काही संबंध नाही.

दुसऱ्या वर्षी मी माझ्या मनानं, एक पैसा न घेता, स्टेज पाठवला. लाल गालिचा, मागं झालर, चार सिंहासन खुर्च्या. स्टेज नसेल तर लोकांना कार्यक्रम झाला असं वाटत नाही, हे मला धंद्यानं शिकवलंय. बाईंनी स्टेज बघितला आणि एवढंच म्हणाल्या, ‘‘चांगला आहे. चपला ठेवायला होईल.’’ आणि दोन दिवस त्या स्टेजवर चपला होत्या. सिंहासनांवर नांदेडच्या पोरांच्या सॅक.

त्याच वर्षी एक नगरसेवक आले. मागं कार्यकर्ते, हातात बाईंसाठी शाल. बाईंनी शाल बघितली, नगरसेवकांना बघितलं आणि विचारलं, ‘‘चित्र आणलंत?’’

‘‘चित्र? नाही, आम्ही सत्काराला आलो बाई.’’

‘‘मग इथं बसा. कागद घ्या. काढा.’’

कार्यकर्ते हसायला लागले. नगरसेवक मात्र खरंच मांडी घालून बसले. एक गोल काढला, गोलात दोन मिशा काढल्या, खाली दोन चौकटी वाढवून त्याच गोलाला झोपवला आणि पुन्हा उठवला. बाईंनी पदराचा चिमटा काढून ते पान दोरीवर लावलं, तिसरीतल्या एका मुलीनं काढलेल्या उंदराच्या जागी. उंदीर नगरसेवकांना मिळाला. तो अजून त्यांच्या ऑफिसात फ्रेममध्ये आहे, मी स्वतः बघितलाय. हे लक्षात ठेवा. मिशावाला गोल दोन मिनिटांत चालला.

आता मूळ गोष्ट सांगतो.

चौथ्या वर्षीच्या मेळ्यात, शनिवारी सकाळी, मी दोऱ्या नीट ताणल्यात का ते बघत फिरत होतो. पहिल्या दोरीला बाईंनी स्वतःचं एक जुनं पान लावलं होतं. कागद पिवळा पडलेला. सहा चौकटी. बाजारात कोथिंबीर विकायला बसलेली एक बाई. पहिल्या चौकटीत गिऱ्हाईक भाव विचारतं. दुसरीत ती सांगते. तिसरीत गिऱ्हाईक तोंड वाकडं करून निघतं. चौथीत ती त्याला हाक मारत नाही, भलतीकडंच बघत बसते. पाचवीत गिऱ्हाईक परत येतं. सहावीत ती पैसे कनवटीला लावता लावता एक जादा जुडी त्याच्या पिशवीत फेकते, तोंड दुसरीकडं करून.

चौथ्या चौकटीत तिचा कान दिसत होता. पाळी खालून फाटून दोन झालेली. डावा पाय पोत्याच्या कोपऱ्यावर दाबून धरलेला, कुणी ओढू नये म्हणून.

ती माझी आई होती.

आईचा फोटो नाही. फोटो काढला की आयुष्य कमी होतं अशी तिची समजूत, त्यामुळं ती कुठल्याच लग्नात कॅमेऱ्यासमोर बसली नाही. मतदानाच्या ओळखपत्रावर तेवढा एक आहे, पण तो म्हणजे काळा डाग. त्यात आई आहे हे आधीच माहीत असलं तरच दिसते. बाप लहानपणीच गेला. रेणापूरच्या आठवडी बाजारात त्या पोत्याच्या मागं बसून मी भाव करायला शिकलो. ती गेली तेव्हा माझ्याकडं हातगाडीसुद्धा नव्हती. तिनं माझा एकही मंडप बघितला नाही.

मी बाईंना बोलावून आणलं. ‘‘हे कुठलं?’’

‘‘रेणापूरचं. माझी पहिली नोकरी तिथली. बाजाराच्या दिवशी जाऊन बसायचे मी, चित्रं काढत.’’

‘‘ही माझी आई हाय.’’

बाईंनी माझ्याकडं बघितलं, मग पानाकडं, मग पुन्हा माझ्याकडं. ‘‘हो,’’ म्हणाल्या. ‘‘भुवया तुमच्याच आहेत. फार कडक होत्या. मला एकदा उठवलं होतं समोरून, गिऱ्हाईक अडतंय म्हणून.’’

‘‘मला हे पान पाहिजे.’’

‘‘द्या की चित्र, आणि घ्या.’’

मी हसलो. मला वाटलं त्या हसतायत. ‘‘बाई, काय घ्यायचं ते बोला.’’

‘‘बोलले ना.’’

मी रक्कम सांगितली. त्यांनी पिशवीतली शेंग काढली. मी वाढवली. पहिल्यांदाच मी वरच्या दिशेनं भाव करत होतो आणि समोरची बाई टरफल काढत होती. मी म्हणालो, जन्मभर मंडप फुकट. म्हणालो, संग्रहालयाला पत्रे घालून देतो. त्या म्हणाल्या, ‘‘बालाजीराव, त्या मुलीचा उंदीर गेला तेव्हा त्या जागी मिशा आल्या. तिनं तक्रार केली नाही. तुम्हाला वेगळा नियम का?’’

‘‘ती आई हाय का तिची? उंदीर हाय.’’

‘‘तिचा पाळलेला होता. मेला होता.’’

‘‘मला चित्र येत न्हाई, बाई. चौथीत शाळा सुटलीय माझी.’’

‘‘चौथीपर्यंत सगळ्यांना येतं. नंतर विसरतात. काढून आणा, कसंही. पान कुठं जात नाही.’’

पान कुठं जात नाही. हे त्यांचे शब्द आहेत, गफूरभाई साक्षीला आहे.

मी तिथून थेट रियाज पेंटरकडं गेलो. कोर्टात बोलता येत नाही म्हणून माणूस वकील लावतो, मी पेंटर लावला, त्यात काय चुकलं? त्याला म्हणालो, सहा चौकटी काढ, मंडप उभारणीच्या, सकाळपर्यंत पाहिजे. त्यानं भाव सांगितला, मी निम्म्यावर आणला, त्यानं कुरकुर केली आणि घेतलं. रविवारी सकाळी पान तयार होतं. देखणं. बांबू, दोऱ्या, वर चढलेला माणूस, मागं गुलाबी ढग. मी ते बाईंच्या हातात दिलं.

बाईंनी चष्मा पुसला. चौकट चौकट बघत खाली आल्या आणि कोपऱ्यावर थांबल्या. मग पान माझ्याकडं फिरवून बोट ठेवलं.

रियाजनं सवयीनं कोपऱ्यात लिहिलं होतं, ‘रियाज आर्ट्स, बोर्ड व नंबर प्लेट’, आणि खाली मोबाईल नंबर.

‘‘फोन करू का यांना?’’ बाई म्हणाल्या.

आजूबाजूला पोरं जमली होती. गफूरभाई झाडाकडं बघत होता.

बाईंनी खरंच फोन केला. रियाज सायकलवर आला. बाई त्याला म्हणाल्या, ‘‘फार सुंदर पान आहे. बदल्यात इथलं कुठलंही घ्या.’’

तेव्हा माझ्या जिवात जीव आला. मी रियाजला बाजूला घेऊन म्हणालो, ‘‘ते पहिल्या दोरीवरचं घे, कोथिंबिरीवालीचं. आणि मला दे.’’ तो बरं म्हणाला. मग दोरीच्या कडेकडेनं चालत गेला, आईसमोर थांबला, चांगलं निरखून बघितलं, आणि पुढं गेला. शेवटच्या दोरीवर कुण्या कॉलेजच्या पोरानं काढलेला उधळलेला घोडा होता. त्यानं तो घेतला.

मी त्याची कॉलर धरली. तो शांतपणे म्हणाला, ‘‘शेठ, पूरे पैसे देते तो बुढिया तुम्हारी होती. आधे पैसे में मैं मेरी पसंद का लेता.’’

बाई सगळं बघत होत्या. त्या एक शब्द बोलू शकल्या असत्या. म्हणू शकल्या असत्या, रियाज, यांना ते पान द्या. नाही बोलल्या.

मी माझ्या माणसांना हाक मारली आणि भर दुपारी मंडपाचं कापड उतरवायला लावलं. माझं कापड, माझे बांबू. पोरं ऊन डोक्यावर घेऊन उभी. बाईंनी मला अडवलं नाही. त्यांनी पदराचे चिमटे तोंडात धरले, दोऱ्या सोडल्या आणि सगळी पानं संग्रहालयाच्या ओसरीत नेली. तुटक्या नाकाच्या देवांच्या गळ्यातून, वीरगळांच्या मधून दोऱ्या ओढल्या. लोक म्हणाले, यंदाचा मेळा सगळ्यात चांगला झाला. पुढच्या वर्षापासून मेळा ओसरीतच भरला. मंडप लागला नाही.

मी तीन वर्षं त्या रस्त्यानं गेलो नाही. मुलगी म्हणायची, ‘‘पप्पा, काढा ना काहीतरी, गोल काढा, मी शिकवते.’’ मी म्हणायचो, मला फसवून घ्यायची हौस नाही. ज्या बाईनं माझ्याशी कधी भाव केला नाही, तिच्यासमोर मी परीक्षेला का बसू? पान कुठं जात नाही म्हणाली होती. तर राहू दे तिथंच.

मग गफूरभाई दुकानात येऊन सांगून गेला की बाईंच्या उजव्या अंगावरून वारं गेलंय, भाच्यानं नांदेडला नेलंय, यंदापासून मेळा बंद.

आषाढ चालू होता, लग्नं नव्हती. त्या दुपारी मी मुलीचे स्केचपेन घेतले आणि दुकानात शटर अर्धं ओढून बसलो. मला गिऱ्हाइकाला मंडपाचा नकाशा काढून दाखवायची सवय, त्यामुळं हाताला फक्त सरळ रेघ माहीत. आई बांबूसारखी उभी राहायची. तिला बसवायला मला आठवडा लागला. पोतं जमलं. पाय जमला नाही, तो खुर्चीच्या पायासारखा झाला, पण पोत्याच्या कोपऱ्यावरच पडला. तोंड मी शेवटपर्यंत काढलं नाही. तोंड दुसरीकडं वळवलं आणि फक्त कान काढला. कान बरोबर आला. फाटलेली पाळी आली. बायको चहा घेऊन आली, बघितलं आणि म्हणाली, ‘‘अगं बाई, आत्या.’’ तिनं सासूला कधी बघितलेलं नव्हतं. माझ्या सांगण्यातला कान तेवढा तिला माहीत होता.

एकच चौकट झाली, चौथी. गिऱ्हाईक निघून गेलंय आणि ती हाक मारत नाही. सहावी दोनदा काढायला घेतली. जुडी फेकणारा हात मला जमला नाही.

ते पान पुठ्ठ्यात घालून मी नांदेडला गेलो. तरोड्याकडं भाच्याचा दुसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट. बाई खिडकीजवळ खुर्चीत होत्या. उजवा हात मांडीवर, कुणीतरी ठेवून गेल्यासारखा. बोलणं थोडं जड झालेलं. पण भिंतीभर दोऱ्या आणि दोऱ्यांवर चित्रं, इतक्या वर्षांत बदल्यात मिळालेली. मिशावाला गोलसुद्धा होता. पिशवीत शेंगा होत्या.

‘‘आलात,’’ म्हणाल्या.

मी बसलो नाही. पुठ्ठा उघडून पान त्यांच्यासमोर धरलं. ‘‘माझ्या हातचं हाय. नंबर न्हाई कोपऱ्यात. बघा.’’

त्या बराच वेळ बघत राहिल्या. डाव्या हाताचं बोट कानावरून फिरवलं, कागदाला न लावता.

‘‘एकच चौकट?’’

‘‘एकच.’’

‘‘हिला मी ओळखते,’’ म्हणाल्या. ‘‘फार चांगलं झालंय, बालाजीराव.’’

‘‘माझं पान द्या.’’

मी भिंतीवरून नजर फिरवली. पिवळा कागद कुठंच नव्हता.

‘‘गेलं,’’ म्हणाल्या. ‘‘गेल्या मेळ्यात. शेवटच्या दिवशी. उमरीकडचा कुणी माणूस होता. त्यानं स्वतः काढलेलं आणलं होतं. मागितलं.’’

‘‘नाव काय त्याचं?’’

‘‘नाव कुठं विचारतो आपण?’’

‘‘तुम्ही म्हणला होता पान कुठं जात न्हाई.’’

‘‘तीन वर्षं पहिल्या दोरीला लावलं. दोन्ही दिवस दाराकडं बघत बसायचे मी. गफूरभाईला विचारा.’’

‘‘सांगायचं तरी होतं कुणाला तरी.’’

‘‘तुम्हाला माहीत होतं की.’’

मी विचारलं, त्या उमरीवाल्यानं काय दिलं. त्यांनी मानेनं दाखवलं. एक शेळी होती. चार चौकटींत एक शेळी, तिचे पाय चार आहेत की पाच ते कळत नव्हतं. माझ्या आईच्या बदल्यात ती शेळी तिथं लटकत होती.

‘‘यातलं हवं ते घ्या,’’ बाई म्हणाल्या. ‘‘कुठलंही. दोन घ्या.’’

‘‘मला यातलं काही नको.’’

‘‘मी काढून दिलं असतं पुन्हा. मला अजून दिसतात त्या बसलेल्या. पण हा,’’ त्यांनी उजव्या हाताकडं बघितलं, ‘‘हा ऐकत नाही.’’

मी पान पुठ्ठ्यात घालायला लागलो. तेव्हा बाई म्हणाल्या, अगदी हळू, ‘‘मग असंच द्या.’’

मी थांबलो. मला वाटलं नीट ऐकू आलं नाही.

‘‘असंच द्या मला. माझ्याकडं त्यांचं आता काही नाही.’’

बाईंनी इतक्या वर्षांत माझ्याकडं कधी काही मागितलं नव्हतं. सांगेन तो भाव, बरं. दिला तो स्टेज, बरं. उतरवला तो मंडप, त्यालाही बरंच म्हणाल्या असतील मनात. आणि आता मागत होत्या, तेही फुकट, ज्या बाईनं मेलेल्या उंदराची किंमत सोडली नव्हती त्या.

मी म्हणालो, ‘‘असंच? तुमच्या बाजारात असंच काही मिळत न्हाई, बाई. नियम तुमचाच हाय.’’

त्यांनी मान हलवली. ‘‘हो. खरं आहे,’’ म्हणाल्या. ‘‘बरं.’’

पुठ्ठ्याचा बंद मी दोनदा बांधला. भाच्याची बायको चहा घेऊन आली होती, तो मी घेतला नाही.

ते पान आज माझ्या कपाटात आहे. मी ते फ्रेम केलेलं नाही. उमरीकडं लग्नाचं काम निघालं की आता मी माणसं न पाठवता स्वतः जातो आणि पाणी मागायच्या निमित्तानं लोकांच्या घरात शिरून भिंती बघतो. लोकांना वाटतं, शेठ माणसाळला. शोकसभेत ते प्राध्यापक म्हणाले, रिकाम्या हातानं कुणी गेलं नाही. मी नांदेडला हातात नेलं तेच परत घेऊन आलो. हिशेब कुठं चुकला ते मला कुणी सांगू नये.

त्या दिवशी नांदेडला दारातून निघताना मी एकदा मागं बघितलं, ते मात्र राहून राहून डोळ्यासमोर येतं. बाई खिडकीकडं वळून बसल्या होत्या. पदराच्या काठाला चिमटे नव्हते. एकच होता, तो डाव्या हातात. मी पान दाखवायला पुढं केलं तेव्हाच त्यांनी तो कुठून तरी काढून घेतला असणार. अंगठ्यानं दाबून त्याचं तोंड उघडं धरलं होतं, आणि मी जिना उतरायला लागलो तरी त्यांनी तो मिटला नव्हता.